गेल्यावर कळलेली नावं

बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ५ जुलै २०२५ रोजी ऑझी ऑस्बर्न सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. पार्किन्सन्समुळे त्याला उभं राहून गाणं जमत नव्हतं. त्याच्या ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचे मूळचे चौघे वीस वर्षांनी एका मंचावर आले होते. त्यानंतर सतराव्या दिवशी, २२ जुलैला, ऑझी गेला. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा गावातून निघाली, सॅबथचं नाव दिलेल्या पुलापाशी थांबली. पुढे ब्रास बँड त्याचीच गाणी वाजवत होता.

दुसऱ्याच दिवशी रफीसाहेबांची पुण्यतिथी. नागपूरला ती पाठ आहे. रफी, किशोर, पंचम यांच्या तारखा जवळ आल्या, की वसंतराव देशपांडे सभागृहापासून सायंटिफिक सभागृहापर्यंत स्वरांजली सुरू होतात. हार घातलेला फोटो, समई, कराओकेचे ट्रॅक आणि जरा जास्तच बोलणारे निवेदक. ऑझीसाठी कोण हॉल घेणार? या शहरात त्याचे चाहते मोजके, बहुतेक पन्नाशी-साठीतले. धरमपेठ, सदर, अजनी असे विखुरलेले. ‘काय बे, ऑझी गेला म्हणते’ एवढ्यावर फोन सुरू झाले आणि रात्री एकाच्या घरी स्पीकर लागले. बाहेर पाऊस, आत सॅबथचा पहिला अल्बम, १९७० सालचा.

अशा बैठकीत रडारड नसते, चर्चा असते. त्या रात्री सगळ्यात जास्त बोलणं झालं ते ऑझीवर नव्हे, हयात असलेल्या गीझर बटलरवर. सॅबथच्या गाण्यांचे बहुतेक शब्द या बेसवादकाचे, हे निम्म्या लोकांना ऑझीवरचे मृत्युलेख वाचताना समजलं. चाळीस वर्षं ऐकून!

याला कारण कॅसेट. ऐंशीच्या दशकात इथे रॉक यायचा तो बहुतांशी नकलेची नक्कल होऊन. बर्डीवरच्या दुकानात कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी न्यायची. एका बाजूला एक अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा. टेप संपली की शेवटचं गाणं मधेच तुटलेलं. कित्येक गाण्यांचा शेवट आम्ही पुढे सीडी आल्यावर ऐकला. कव्हरवर दुकानदाराच्या बॉलपेनने फक्त बँडचं नाव, तेही त्याच्या स्पेलिंगने. ड्रमवर कोण, बेस कोणाचा, ध्वनिमुद्रण कुठलं, काही नाही. पुण्यतिथीच्या कार्यक्रमात आपल्याला ठाऊक असलेल्या माणसाची आठवण काढतात. आमच्यासारख्यांना माणूस गेल्यावर त्याची ओळख होते.

सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी गीझरसारखाच हयात आहे, पण त्याचंही तेच. सॅबथचा तो जड, खालच्या सुरातला आवाज काळ्या जादूतून आला, असं कॉलेजात छातीठोक सांगितलं जाई. खरी गोष्ट कारखान्यातली आहे. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं कापली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जळून अधू झालेल्या हाताने, मुख्यतः दोन बोटांवर वाजवणारा हा गिटारवादक. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, जाड तारा टोचतात म्हणून बँजोच्या हलक्या तारा गिटारला लावल्या. पुढे त्याने तारा ढिल्याही केल्या. तारा ढिल्या झाल्या की सूर उतरतो. हेवी मेटलचा तो खर्ज निम्मा तरी या दुखऱ्या बोटांचा आहे.

११ जून २०२५ ला बीच बॉइजचा ब्रायन विल्सन गेला, तेव्हा कळलं की ‘पेट साउंड्स’ हा १९६६ चा अल्बम मोनोत मिसळणाऱ्या या माणसाला उजव्या कानाने जवळपास ऐकूच येत नसे. आणि त्या अल्बमवर कॅरल के या बाईंचा बेस आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये रोलिंग स्टोन्सचा ड्रमवादक चार्ली वॉट्स गेला. हा मुळात जाहिरातीत काम करणारा चित्रकार आणि जॅझवेडा. दौऱ्याचा कंटाळा असल्याने १९६७ पासून प्रत्येक हॉटेलातल्या पलंगाचं चित्र काढून ठेवायचा. जानेवारी २०२३ मध्ये गिटारवादक जेफ बेक गेला. तो पिक न वापरता बोटांनी वाजवे, हे कानाने ओळखल्याचा दावा आमच्यातल्या एकाने केला. कोणी विश्वास ठेवला नाही.

परदेशातल्यांचं सोडा, घरचं तरी कुठे ठाऊक होतं? १८ जुलै २०२२ ला भूपिंदर सिंग गेले. ‘मौसम’मधल्या गझलवजा गाण्याचा घोगरा, हळुवार आवाज अशीच त्यांची ओळख. ‘दम मारो दम’ची ती गिटार त्यांची, हे ऑर्केस्ट्रातली पोरं जाणून होती, पुढच्या रांगेतल्या रसिकांना मृत्युलेखांनी सांगितलं. पंचमच्या कार्यक्रमांत त्या सुरुवातीला टाळ्या पडतात, निवेदक नाव मात्र गायिकेचं घेतो.

नंदू भेंड्यांची तऱ्हा आणखी निराळी. एप्रिल २०१४ मध्ये ते गेले, तेव्हा हळहळणारे तीन वेगळे गट होते. नाटकवाल्यांना जब्बार पटेलांनी बसवलेल्या पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तला, १९७८ चा, त्यांनी रंगवलेला अंकी आठवत होता. हिंदी सिनेमावाल्यांना ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्ण धरती पे आजा तू’. आणि रॉकवाल्यांना अलेक पदमसींनी १९७४ मध्ये मुंबईत केलेल्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मधला ज्युडास. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा मराठी संगीतनाटकातून रॉक ऑपेरात आणि तिथून बप्पी लाहिरींच्या डिस्कोत सहज ये-जा करत होता. माझ्या ओळखीत मात्र या तिन्ही गटांची माणसं एकमेकांना विचारत होती, ‘तो नंदू म्हणजे हाच का?’

रॉकची मराठी शाखा असलीच तर ती इथून धरावी, असं माझं मत आहे. पुण्या-मुंबईचे मित्र यावर भांडतात. आमच्या बैठकीत अंकीवर पुष्कळ बोललं जातं, ‘डिस्को डान्सर’ तर वाजतंच. पण ज्युडास कोणी पाहिलेला नाही. १९७४ चा तो प्रयोग पाहिलेलं माणूस नागपुरात कोणी असेल, तर त्यांनी एकदा येऊन सविस्तर सांगावं. तर्री-पोहे आमच्याकडून.