मुक्या उंदराची साक्ष

प्राणहितेच्या अलीकडे गडचिरोली, पलीकडे २०१६ साली आदिलाबादपासून वेगळा झालेला मंचेरियल जिल्हा. हिवतापाचा डास मात्र ही सीमा मानीत नाही. क्लोरोक्वीनने काहींच्या अंगाला असह्य खाज सुटते. तिला मनाचा खेळ म्हणणे सोपे. परंतु २००९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी उंदराच्या मज्जातंतूंवर तिचे मूळ शोधून काढले. गालाला वेदना झाल्यास उंदीर पुढच्या पंजाने तो पुसतो. खाज सुटल्यास मागच्या पायाने खाजवितो. मुक्या जिवाची ही भाषा विज्ञानाने वाचली. मग मंचेरियल असो वा आपली किनारपट्टी, बोलत्या रुग्णाचे गाऱ्हाणे डॉक्टरांनी का ऐकू नये? गोळ्या पूर्ण घ्याव्यात, हे खरेच; पण त्रासाची दखल घेतली, तरच त्या अर्ध्यावर सुटणार नाहीत.