परक्या रस्त्यावरची दुहेरी नजर

वसई पट्ट्यातल्या जूचंद्र स्टेशनातून दिव्याकडे जाणारी गाडी पकडली, की पुढे कल्याण काही फार लांब नाही. या कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई, ७ एप्रिल १८८३ रोजी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला जाण्यासाठी कोलकात्याहून बोटीत बसल्या. वय अठरा. सोबतीला मिशनरी बायका होत्या, घरचं कुणी नव्हतं. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

एकट्या बाईचं परमुलखात कसं होणार, ही काळजी तेव्हाही लोकांनी बोलून दाखवली होती. त्याआधी फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या जाहीर भाषणात आनंदीबाईंनी आपल्याच देशातल्या अनुभवाचा पाढा वाचला: रस्त्यानं चाललं की लोक घोळका करतात, खिदळतात. बाईला छळणारी नजर समुद्रापलीकडेच असते असं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिकडे मात्र त्या नजरेत रंगाची भर पडते. त्यांना आधार झाला तो न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांचा. दोघींचा पत्रव्यवहार आधीपासूनच होता. परक्या देशात पाऊल ठेवण्याआधी तिथं हक्काचं एक घर तयार होतं.

शंभर वर्षांनी त्याच न्यू जर्सीत चित्र पालटलं. १९८७ मध्ये जर्सी सिटीतल्या वर्तमानपत्रात 'डॉटबस्टर्स' नावाच्या टोळीचं पत्र छापून आलं. भारतीय माणसं हे त्यांचं उघड लक्ष्य होतं, आणि टोळीचं नाव बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून घेतलेलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला टोळक्यानं बेदम मारलं आणि त्यात त्याचा जीव गेला.

हे जुनं झालं म्हणावं, तर ऑगस्ट २०२२ मध्ये टेक्सासमधल्या प्लेनो शहरात भारतीय वंशाच्या चार मैत्रिणी जेवून बाहेर पडल्या आणि पार्किंगमध्ये एका बाईनं त्यांना शिव्या घालत मारहाण केली. निर्जन गल्ली नव्हती आणि त्या एकट्याही नव्हत्या. एकीनं मोबाइलवर सगळं चित्रित केलं. दुसऱ्याच दिवशी अटक झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये आयर्लंडमधल्या वॉटरफर्डला घराबाहेर खेळणाऱ्या भारतीय वंशाच्या सहा वर्षांच्या मुलीवर हल्ला झाला. त्याच महिन्याच्या आरंभी डब्लिनच्या भारतीय दूतावासानं नागरिकांना सावधगिरीची सूचना दिली होती: अवेळी ओसाड भागात जाऊ नका.

सूचना रास्तच आहे, पण अपुरी. 'अंधारात फिरू नको, दागिने घालू नको' हा सल्ला चोराला आणि टवाळाला गृहीत धरतो. कातडीचा रंग घरी ठेवून जाता येत नाही. मदतीसाठी पोलिसांकडे जावं, तर तिथंही खात्री नसते. जानेवारी २०२३ मध्ये सिएटलला पोलिसांच्या भरधाव गाडीनं जाह्नवी कंडुला या विद्यार्थिनीला उडवलं. तिच्या मृत्यूबद्दल फोनवर बोलताना एक अधिकारी हसला, आणि ते त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. पुढे त्याला नोकरीतून काढलं.

तरीही तक्रार नोंदवावीच. ब्रिटनमध्ये हल्ला वर्णद्वेषातून झाला असं पीडितेला किंवा साक्षीदाराला वाटलं, तर पोलिसांना तशी नोंद घ्यावी लागते. त्यामुळे जबाबात ते स्पष्ट सांगायला हवं. आयर्लंडमध्ये द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांना जादा शिक्षा देणारा कायदा डिसेंबर २०२४ च्या अखेरीस लागू झाला. आणीबाणीचा नंबर युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११.

वसई-विरार पट्ट्यातून शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मुलींच्या घरी लोणच्याच्या बरण्या आधी बांधल्या जातात. त्याच वेळी आणखी दोन कामं उरकून घ्यावीत. जिथं जायचं तिथल्या मराठी मंडळात किंवा विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थी संघात एक तरी ओळख आधी जोडावी. आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर आपली नोंदणी करावी. अडचणीची तक्रारही तिथंच करता येते.