चांदीपुरा : आपल्या नागपूरचा विषाणू

नागपूर म्हटले की दीक्षाभूमी आठवते, संत्री आठवतात. परंतु याच परिसरातील चांदीपुरा या लहानशा वस्तीचे नाव वैद्यकशास्त्राच्या ग्रंथांतून जगभर गेले आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

१९६५ साली नागपूर भागात डेंग्यू व चिकुनगुन्याची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) रुग्णांचे रक्त तपासले. त्यातील दोघांच्या रक्तात या दोन्हींपैकी कोणताच नव्हे, असा एक वेगळाच विषाणू सापडला. भट्ट व रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये तो जगापुढे मांडला व वस्तीवरून त्याचे नाव ठेवले. आकार बंदुकीच्या गोळीसारखा. कुत्रा चावल्याने होणाऱ्या रेबीजच्या विषाणूच्याच कुळातला. पण साधा ताप आणणारा समजून पुढे बरीच वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही.

२००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली आणि १८३ दगावली. पुण्याच्या संशोधकांनी शोध घेतला तेव्हा गुन्हेगार निघाला तो नागपूरचाच जुना विषाणू. २००७ साली तो घरी परतला. नागपूर विभागात ७८ मुलांना मेंदूज्वर झाला, त्यांतील निम्म्यांमध्ये चांदीपुरा सिद्ध झाला. दर शंभरातील सुमारे ४४ मुले वाचली नाहीत. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा उद्रेक झाला.

हा विषाणू पसरविते वाळूमाशी, म्हणजे सँड फ्लाय. ती डासाहून पुष्कळ लहान, केसाळ, आवाज न करणारी. तिला लांब उडता येत नाही, ती टुणटुण उड्या मारीत जाते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातील ओल, शेणाचा उकिरडा येथे ती अंडी घालते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली आहेत, म्हणजे जनावरांनाही त्याची लागण होते. पण पावसाळा संपल्यावर तो नेमका कोठे दडून राहतो, जनावरात की माशीतच, हे कोडे पुरते सुटलेले नाही. बाधित माशीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरतो, एवढे प्रयोगशाळेत दिसले आहे. डॉक्टर, पशुवैद्य आणि कीटकतज्ज्ञ एका टेबलावर बसल्याशिवाय असली कोडी सुटत नाहीत. नागपुरात २००० साली पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी माणूस व प्राणी यांच्या आरोग्याचा एकत्र अभ्यास करणाऱ्या 'वन हेल्थ' राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी झाली, ती याच विचाराने. विज्ञान शाखेच्या आपल्या विद्यार्थ्यांनी पशुवैद्यकाला दुय्यम समजू नये, ते याचसाठी.

रोग जात पाहत नाही असे म्हणतात, पण घर मात्र पाहतो. सिमेंटच्या बंगल्यापेक्षा गोठ्याला लागून असलेल्या कुडाच्या घरातच वाळूमाशीचे अधिक फावते. तेथे पंधरा वर्षांखालील मूल सकाळी खेळते, दुपारी तापाने फणफणते, उलट्या होतात, झटके येतात आणि एक-दोन दिवसांत सारे संपते. झटके पाहून 'बाहेरची बाधा' म्हणत मांत्रिकाकडे धावणारी घरे आजही आहेत, आणि त्या धावपळीत गेलेले चार तास परत मिळत नाहीत. प्रत्येक दुःखाला कारण असते व ते शोधावे, ही तथागतांची शिकवण सांगणाऱ्या आपल्या वस्त्यांतही हे घडावे, याचे वाईट वाटते.

या रोगावर खास औषध नाही, लसही उपलब्ध नाही. तरीही रुग्णालयात ताप उतरवणे, झटके थांबवणे, मेंदूची सूज कमी करणे, श्वास सांभाळणे या उपचारांनी मुले वाचतात. मूल तेथे वेळेत पोचले पाहिजे. घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. भिंतींच्या भेगा लिंपून बंद कराव्यात, शेणखत घरापासून दूर टाकावे, मुलांना संध्याकाळनंतर अंगभर कपडे घालावेत व जमिनीवर झोपवू नये. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ही माशी आत शिरते, म्हणून बारीक जाळीची किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी घ्यावी. पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीकडे फवारणीची मागणी लेखी द्यावी व अर्जाची पोच मागून घ्यावी. तोंडी सांगितलेले तेथे कोणाच्या लक्षात राहत नाही.