गस्तीनौकेचा डोळा आणि हात

ग्वाल्हेर हे काही बंदर नव्हे. तेथून कोणत्याही दिशेस निघाले तरी समुद्राचे दर्शन घडण्यास शेकडो मैलांची मजल मारावी लागते. असे असूनही नौदलाच्या गस्तीनौकांविषयी लिहिताना आम्ही आरंभ ग्वाल्हेरपासून करीत आहोत. ड्रोन ह्या यंत्राचे रीतसर शिक्षण देण्याचा उद्योग त्या शहराने आणि त्याच्या परिसराने मोठ्या उत्साहाने हाती घेतला आहे, हे त्याचे कारण. तेथील माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स ह्या संस्थेत २०२१ च्या डिसेंबरात ड्रोन मेळा भरला आणि २०२२ च्या मार्चमध्ये मध्य प्रदेशातील पहिली ड्रोन शाळा उघडली. पुढे २०२५ च्या मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत पश्चिम सीमेवर ड्रोनांचे थवे येऊ लागले. त्या अनुभवाने शहाणे होऊन सीमा सुरक्षा दलाने ग्वाल्हेरनजीकच्या टेकनपूर येथील आपल्या प्रबोधिनीत त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ड्रोनयुद्धाचे विद्यालय सुरू केले. राजस्थानच्या वाळूत आणि पंजाबच्या शेतांत पहारा करणारा जवान आता तेथे हे यंत्र उडवायला आणि शत्रूचे पाडायला शिकतो.

ग्वाल्हेरचा आणि समुद्राचा संबंध अगदीच नाही, असेही म्हणता येणार नाही. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज विकत घेऊन जखमी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज म्हणून दिले. त्याचे नाव 'लॉयल्टी' असे ठेवण्यात आले. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घेतले, कंपनीला शिंद्यांचे नाव दिले, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. आज आपण ५ एप्रिल हा सागरी दिन म्हणून पाळतो तो ह्याच प्रवासाच्या स्मरणार्थ. डोंगरी किल्ल्याच्या त्या धन्याने समुद्राला दिले ते लढाऊ जहाज नव्हते; जखमींना उचलून आणणारे जहाज होते, हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता मूळ प्रश्न. गस्तीनौकेवर हेलिकॉप्टराऐवजी ड्रोन ठेवावा काय? जगातील अनेक नौदलांत ह्याचा खल चालू आहे आणि आपल्याकडेही तो होणे अपरिहार्य आहे. हेलिकॉप्टर म्हटले की वैमानिक आले, तंत्रज्ञ आले, इंधनाच्या टाक्या आल्या, हँगर आले, ते उतरताना डेकवर जीव मुठीत धरून उभे राहणारे खलाशी आले. दोन-अडीच हजार टनांच्या नौकेवर हा सारा संसार थाटायचा म्हणजे नौकेचा पाऊण मागचा भाग त्याच्याच स्वाधीन करावा लागतो. त्या जागी मोटारसायकलीपेक्षा थोडे मोठे यंत्र ठेवून भागत असेल तर कोण नको म्हणेल?

परंतु हेलिकॉप्टर नौकेवर एक काम करीत नाही, दोन करते. एक पाहण्याचे आणि दुसरे उचलण्याचे. ते नौकेचा डोळाही आहे आणि हातही. ड्रोनविषयीच्या चर्चेत ह्या दोहोंची गल्लत होते आणि मग एक पक्ष ड्रोनला खेळणे ठरवितो, तर दुसरा हेलिकॉप्टराला भंगारात काढायला निघतो.

डोळ्याचे गणित सोपे आहे. समुद्रसपाटीपासून पंधरा-वीस मीटरांवर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचे क्षितिज पंधरा-सोळा किलोमीटरांवर संपते. तोच डोळा तीनशे मीटर वर नेला की क्षितिज साठ किलोमीटरांपलीकडे सरकते. शिडाच्या जहाजांवर डोलकाठीच्या टोकाला टेहळ्या चढत असे तो ह्याच हिशेबाने. दिवसाकाठी एखाद-दोन फेऱ्या करून थकणाऱ्या हेलिकॉप्टरापेक्षा तासन् तास आकाशात घिरट्या घालणारा, न कंटाळणारा, डोळ्याला डोळा न लागणारा ड्रोन ह्या कामी सरस आहे, ह्याबद्दल आमच्या मनात संदेह नाही.

आणि ह्या डोळ्याची आपल्याला गरज किती आहे, हे कोकणाला सांगायला नको. १८ ऑगस्ट २०२२ रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला 'लेडी हान' नावाची एक नौका लागली. तिच्यावर माणूस नव्हते. तीन एके-४७ रायफली मात्र होत्या. सारा महाराष्ट्र हादरला. चौकशीअंती निष्पन्न झाले की, २६ जूनला ओमानच्या समुद्रात तिचे इंजिन बंद पडले, कोरियाच्या युद्धनौकेने माणसे वाचविली आणि नौका तशीच सोडून दिली. घातपाताचा डाव नव्हता, हे ऐकून लोकांनी निःश्वास टाकला. आम्ही मात्र तो टाकू शकलो नाही. साडेसात आठवडे एक बेवारस नौका अरबी समुद्रातून वाहत आली आणि श्रीवर्धन तालुक्यातील वाळूला टेकेपर्यंत कोणाच्याही दृष्टीस पडली नाही! त्यातला बराचसा काळ पावसाळी मासेमारीबंदीचा होता. आमचे नाखवा आणि तांडेल जाळी विणत घरी बसलेले असतात तेव्हा समुद्रावरची हजारो जोडी नजर मिटलेली असते. २००८ साली 'कुबेर' ट्रॉलर पळवून मुंबईत उतरलेल्या दहा जणांनी काय केले, ते ज्या किनाऱ्याने पाहिले, त्याला नजरेचे मोल नव्याने शिकवावे लागू नये.

डोळ्याची जागा माणसाने घेऊ नये, यंत्राने घ्यावी, ह्याचा ढळढळीत दाखला २०२४ च्या मार्चमध्ये मिळाला. सोमाली चाच्यांनी पळविलेल्या 'रुएन' ह्या मालवाहू जहाजाला आयएनएस कोलकाताने भारतापासून सुमारे २,६०० किलोमीटरांवर गाठले. जहाजावर सशस्त्र चाचे आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी तिने लहानसा ड्रोन सोडला. चाच्यांनी तो गोळ्या घालून पाडला. बस्स, एक यंत्र गेले. त्या ठिकाणी हेलिकॉप्टर गेले असते तर काय झाले असते, ह्याची कल्पना प्रत्येकाने करावी. पुढे चाळीस तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. पण हेही विसरू नये की, ती सुटका ड्रोनने केली नाही. नौकेने आणि विमानातून समुद्रात उतरलेल्या मरीन कमांडोंनी केली.

ह्या विषयात आपण नवशिके आहोत, असेही नाही. २००६ पासून कोचीला आणि पुढे पोरबंदरला नौदलाची मानवरहित विमानांची पथके आहेत. ती धावपट्टीवरून उडतात. नौकेवरून उडण्याचा प्रयोगही जुना आहे. २००७ साली 'सुजाता' ह्या आपल्या गस्तीनौकेवर ऑस्ट्रियन बनावटीच्या एका मानवरहित हेलिकॉप्टराची चाचणी झाली. त्याचे वजन जेमतेम दोनशे किलो आणि उड्डाणाचा पल्ला सुमारे सहा तास. त्याउलट आपले चेतक बावीसशे किलोंपर्यंतचे, आणि त्याचा मूळ फ्रेंच आराखडा प्रथम आकाशात गेला १९५९ साली. ज्या गोष्टीची चाचणी २००७ मध्ये झाली तिची चर्चा आपण अद्याप करीत आहोत, ह्यात आमच्या संरक्षण खरेदीच्या गतीचे सारे चित्र आले.

तथापि घाई केल्याने काय होते, त्याचाही एक धडा आहे. अमेरिकेने १९६० च्या दशकात आपल्या विनाशिकांवर 'डॅश' नावाची चालकरहित हेलिकॉप्टरे ठेवली होती. पूर्ण आकाराचे हेलिकॉप्टर न मावणाऱ्या जुन्या जहाजांसाठी ती युक्ती होती, म्हणजे नेमका आज आपण काढतो आहोत तोच मुद्दा. सातशेहून अधिक यंत्रे बांधली. त्यांतील निम्म्याहून अधिक समुद्राने गिळली, आणि दशक संपता संपता ती योजना गुंडाळण्यात आली. यंत्रे तेव्हाहून कितीतरी शहाणी झाली आहेत, हे मान्य. समुद्र मात्र तोच आहे.

टेकनपूरच्या मैदानात ड्रोन उडविणाऱ्याची जमीन हलत नाही. नौकेवर ती पुढे-मागे डोलते, डाव्या-उजव्या कुशीवर कलते आणि वर-खाली होते, तीही एकाच वेळी. संपर्क तुटला तर जेथून उडाला तेथे परत येण्याची बुद्धी साध्या ड्रोनला दिलेली असते. पण नौका तोवर दोन मैल पुढे गेलेली असते, आणि आज्ञाधारक बिचारे यंत्र रिकाम्या पाण्यावर उतरते. पोलादी डेकमुळे त्याचे होकायंत्र भांबावते. खारट वाऱ्याने सांधे आणि तारा कुजतात. जूनमध्ये पश्चिमेचा वारा एकदा सुटला की लहान ड्रोन आकाशात टिकणेच कठीण, आणि आम्ही वर सांगितलेच की, नजरेची खरी टंचाई नेमकी त्याच महिन्यांत असते. म्हणून आमच्या गस्तीनौकांना लग्नसमारंभात छायाचित्रे टिपणाऱ्या ड्रोनची मोठी आवृत्ती देऊन चालणार नाही. पावसाळ्यातील कोकणपट्टीवर महिनोन् महिने तपासून घेतलेले यंत्रच हवे. चाचणी हिवाळ्यात, निवांत समुद्रावर उरकून प्रमाणपत्र देऊ नये.

आता हाताविषयी. २०२१ च्या मे महिन्यातील 'तौक्ते' वादळ येथील कोण विसरेल? 'पी-३०५' ह्या बार्जवर २६१ माणसे होती. ती बुडाली तेव्हा सत्तरीहून अधिक जीव गेले आणि १८६ जण जिवंत बाहेर आले. युद्धनौकांनी त्या पर्वतप्राय लाटांत जी शिकस्त केली ती नौदलाच्या इतिहासात राहील. त्याच वादळात पालघरच्या बाजूला रुतलेल्या 'गाल कन्स्ट्रक्टर' बार्जवरील १३७ जण सुटले, त्यात हेलिकॉप्टरांचा वाटा मोठा होता. बार्जच्या डेकवर थरथरत उभ्या असलेल्या माणसाला वरून दोर सोडून उचलणे, हे काम आज आपल्या गस्तीनौकांच्या आवाक्यातील कोणताही ड्रोन करू शकत नाही. २०२४ च्या जानेवारीत आयएनएस सुमित्रा ह्या गोव्यात बांधलेल्या गस्तीनौकेने छत्तीस तासांत 'इमान' आणि 'अल नईमी' ह्या दोन पळविलेल्या मासेमारी नौका सोडविल्या. तेव्हाही नौकेवरचे हेलिकॉप्टर डोक्यावर घरघरत होते, हा चाच्यांवर दाब टाकणारा भाग होता.

ह्या हाताची किंमत आपण मोजली आहे. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरपासून दूर समुद्रात एका टँकरवरील जखमी खलाशाला आणण्यास गेलेले तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर पाण्यात कोसळले. चौघांपैकी तिघे गेले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरच्याच विमानतळावर आणखी एक कोसळून तिघांचा बळी गेला, आणि देशभरातील ध्रुव हेलिकॉप्टरे जमिनीवर ठेवण्याची पाळी आली. चेतकच्या जागी नौदलाला १११ नवी हेलिकॉप्टरे देण्याचा सुमारे २१ हजार कोटी रुपयांचा प्रस्ताव २०१८ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला होता. मंजुरीनंतर तो वर्षानुवर्षे रेंगाळला. आम्हांस भीती वाटते ती येथे. हेलिकॉप्टर मिळत नाही, ड्रोन मिळतो आणि स्वस्त मिळतो, तेव्हा ड्रोनवरच भागवा, असा हिशेब दिल्लीतील एखाद्या टेबलावर मांडला जाणे अशक्य नाही. टंचाईला धोरणाचे नाव देण्याची कला आमच्या प्रशासनाला अवगत आहे.

आमचे म्हणणे म्हणून स्पष्टच सांगतो. केवळ पाहण्यासाठी माणसांनी भरलेले हेलिकॉप्टर उडविणे शक्य तितक्या लवकर थांबवावे. तो धोका आणि ते इंधन उचलण्याच्या कामासाठी राखून ठेवावे. परंतु हेलिकॉप्टराचा डेक आणि हँगर ह्यांना हात लावू नये. नौका पंचवीस-तीस वर्षे चालते; ड्रोनची एक पिढी चार-पाच वर्षांत जुनी होते. रिकाम्या हँगरात चार ड्रोन ठेवता येतील, हँगरच नसलेल्या नौकेला उद्या हेलिकॉप्टर देता येणार नाही.

हा केवळ कल्पनेचा विषय नाही. ३० मार्च २०२३ रोजी नव्या पिढीच्या अकरा गस्तीनौकांचे ९,७८१ कोटी रुपयांचे करार झाले. त्यांतील सात नौका वास्कोच्या गोवा शिपयार्डच्या वाट्यास आल्या. १९५७ साली पोर्तुगीजांनी उभारलेल्या ह्या गोदीने 'सुमित्रा' आणि तिच्या भगिनी बांधल्या. आता ही नवी मालिका. ह्या नौकांवर ड्रोन हाताळणाऱ्यांची खोली कोठे असेल, हलत्या डेकवर त्याला पकडण्याची सोय काय असेल, हे पोलाद कापले जात असतानाच ठरवायचे असते; नौका पाण्यात उतरल्यावर भिंती फोडून नव्हे.

आणि त्या खोलीत बसणार कोण? सीमेवरच्या जवानासाठी टेकनपूरला विद्यालय निघाले, ते योग्यच झाले. समुद्रावरच्या ड्रोनसाठी तसे विद्यालय ह्या किनाऱ्यावर निघावे. मुरगाव, मालवण, रत्नागिरी, कोठेही. ढगाच्या रंगावरून वारा ओळखणारी आणि पाण्याच्या सुरकुतीवरून प्रवाह सांगणारी मुले आमच्या वाड्यावाड्यांतून आहेत. बापाच्या होडीवर इंजिन दुरुस्त करण्यात त्यांचे हात काळे झालेले आहेत. त्यांतील कित्येक शाळा सोडून मुंबईच्या वाटेला लागतात. ह्या विद्यालयाचा पहिला वर्ग भर पावसात, जूनमध्येच भरवावा, एवढी मात्र आमची अट राहील.