म्युरिएल खोटी, दीपगृह खरं

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, न्यूपोर्ट गावी, याक्विना बे दीपगृहाचा दिवा १८७१ साली लागला आणि तीनच वर्षांत विझला. उत्तरेला जवळच, याक्विना हेडवर, १८७३ साली जास्त उंच मनोरा सुरू झाला होता. त्यामुळे याक्विना बे दीपगृहाची गरजच उरली नाही.

ओसाड लाकडी घर, माथ्यावर दिव्याची खोली, खाली समुद्र. भुताला आणखी काय हवं? १८९९ साली ‘पॅसिफिक मंथली’ मासिकात लिशेन मिलर यांची कथा आली. वडील हॉटेलात ठेवून गेलेली म्युरिएल, तिच्यावर जीव जडलेला हॅरॉल्ड आणि मित्रमंडळींची दीपगृहाकडे सहल. विसरलेला रुमाल आणायला म्युरिएल एकटीच परत आत जाते. किंकाळी ऐकू येते. सगळे धावतात, तर हाती लागतात फक्त रक्ताच्या खुणा.

कथा निव्वळ काल्पनिक, पण अनेकांनी ती खरी मानली.

इमारतीवरचं संकट मात्र खरं होतं. १९४६ साली ती पाडायचं ठरलं. वाचवण्यासाठी लिंकन काउंटीतल्या इतिहासप्रेमींनी १९४८ साली संस्था काढली, पैसे जमेनात, तरी नेट सोडला नाही. पुढे तिथे संग्रहालय थाटलं गेलं, १९७४ साली जीर्णोद्धार झाला आणि ७ डिसेंबर १९९६ रोजी दिवा पुन्हा लागला.

ओरेगॉनमधलं हे टिकून राहिलेलं एकमेव ऐतिहासिक लाकडी दीपगृह. रखवालदाराचं घर आणि दिवा इथे एकाच छपराखाली आहेत.