दोलनदर्शक घेताना : आडात काय आणि पोहऱ्यात काय

परभणीहून परळीकडे जाणारी गाडी पोखर्णी नृसिंह स्टेशनावर थांबते. नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्यांना हे गाव ठाऊक आहेच. आज मात्र आपण देवळाकडे न वळता शाळेच्या प्रयोगशाळेकडे वळू. समजा, पोखर्णीसारख्या एखाद्या गावच्या शाळेला विज्ञानाच्या साहित्यासाठी थोडे पैसे मिळाले. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेतून देशातल्या कितीतरी शाळांना असे पैसे मिळाले आहेत. गुरुजींनी ठरवलं की एक ऑसिलोस्कोप घ्यायचा. दरपत्रकं मागवली. त्यातल्या एका दरपत्रकाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं : ‘काही सुविधा पुढील अद्ययावत आवृत्तीत उपलब्ध होतील.’ म्हणजे यंत्र आज घ्यायचं, पैसे आज मोजायचे, आणि त्यातले काही गुण मागाहून येणार. हा व्यवहार करावा की करू नये?

त्यासाठी आधी हे यंत्र काय करतं ते पाहू. ऑसिलोस्कोप म्हणजे दोलनदर्शक. वीज कशी हेलकावे खाते, ते तो पडद्यावर रेघ काढून दाखवतो. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. साधं मीटर फक्त ‘२३०’ एवढंच सांगतं. पण तो आकडा सरासरीच्या जातीचा आहे. प्रत्येक हेलकाव्यात दाब ३२५ व्होल्टपर्यंत चढतो आणि तितकाच उलट्या बाजूला जातो. हे चढणं-उतरणं मीटरला दाखवता येत नाही, दोलनदर्शकाला येतं. परभणी आकाशवाणीची मध्यम लहरींवरची १३०५ किलोहर्ट्झची जागा जुन्या श्रोत्यांना पाठ होती. ते म्हणजे सेकंदाला १३ लाख ५ हजार हेलकावे. तेही या पडद्यावर एकेक करून मोजता येतात.

आणि हे काही फक्त शाळेतलं कौतुक नव्हे. शेतावर सौर पंप आला की त्याच्याबरोबर कंट्रोलरची पेटी येते. ती पेटी मोटारीला विजेची सलग धार देत नाही. तुकडे तुकडे करून देते आणि त्या तुकड्यांची रुंदी कमीजास्त करून मोटारीचा वेग सांभाळते. अशा ठिकाणी साधं मीटर भलताच आकडा दाखवतं आणि दुरुस्ती करणारा चांगली मोटार उगाच खोलून बसतो. तुकडे नीट पडतात की नाही, हे पाहायला दोलनदर्शकच हवा.

या यंत्राचं मूळ जर्मनीतलं. १८९७ साली फर्डिनांड ब्राउन या शास्त्रज्ञाने काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत वळवून चमकणाऱ्या पडद्यावर रेघ उमटवली. पुढे अमेरिकेत टेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९४७ साली आपला ५११ नंबरचा दोलनदर्शक बाजारात आणला. त्यातली रेघ हेलकाव्याच्या ठरावीक जागेवरच सुरू होई, त्यामुळे चित्र पडद्यावर स्थिर उभं राहू लागलं.

गंमत अशी की गुण मागाहून घेण्याची रीत त्या काळातही होती. १९५० च्या दशकात याच कंपनीने अशी यंत्रं काढली, की ज्यांच्या तोंडाशी एक खण रिकामा असे. त्या खणात निरनिराळ्या कामांच्या पेट्या सरकवायच्या. आज बारीक संकेत पाहायचे आहेत, ही पेटी लावा. उद्या एकाच वेळी अनेक संकेत पाहायचे, ती लावा. पण त्या व्यवहारात पेटी हाताला लागे. ती पाहून, तपासून मग पैसे द्यायचे. ‘पेटी पुढच्या वर्षी निघेल, पैसे आताच द्या’ असं कोणी म्हटलं असतं, तर गिऱ्हाइकाने काय उत्तर दिलं असतं ते सांगायला नको.

आजचा दोलनदर्शक काचेच्या नळीवर चालत नाही. तो संकेताचे नमुने घेतो, प्रत्येक नमुन्याचा आकडा करतो, आकडे साठवतो आणि त्यांवरून चित्र काढतो. म्हणजे त्याच्या पोटात दोन भाग झाले. एक धातूचा आणि सिलिकॉनचा, दुसरा सॉफ्टवेअरचा. खरेदीची सगळी मेख इथे आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. सॉफ्टवेअर हा पोहरा. तो मागाहून बदलता येतो, मोठा करता येतो. आड मात्र कारखान्यात खणला जातो तो कायमचा.

आडात काय काय येतं? पहिली गोष्ट, नमुन्याचा आकडा करणारी चकती. ती ८ बिटांची असली तर संकेताच्या उंचीच्या २५६ पायऱ्या पाडते, १२ बिटांची असली तर ४०९६. पडद्याची पूर्ण उंची ८ व्होल्ट धरली, तर पहिलीची एक पायरी सुमारे ३१ मिलिव्होल्टची होते आणि दुसरीची अवघ्या २ मिलिव्होल्टची. अनेक नमुन्यांची सरासरी काढून सॉफ्टवेअर चित्र थोडं गुळगुळीत करील, आणि पुन्हा पुन्हा तोच संकेत येत असेल तर त्याचा उपयोगही होतो. पण एकदाच येऊन जाणाऱ्या झटक्याला तो इलाज चालत नाही.

दुसरी गोष्ट, नमुन्यांचा वेग आणि त्यांची कोठी. समजा यंत्र सेकंदाला १०० कोटी नमुने घेतं आणि कोठीत १ कोटी २० लाख मावतात. ऐकायला केवढं वाटतं! पण भागाकार करून पाहा. कोठी १२ मिलिसेकंदांत भरते. आपल्या विजेचा एक हेलकावा २० मिलिसेकंदांचा. म्हणजे पुऱ्या वेगाने धावलं तर घरच्या विजेचा एक हेलकावासुद्धा पूर्ण साठत नाही. मोटार सुरू होतानाचे ३ सेकंद पाहायचे, तर वेग सेकंदाला ४० लाखांवर आणावा लागतो. त्या कामाला तेवढा पुरतोही, म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त जाहिरातीतला मोठा आकडा आपल्या कामाच्या वेळी किती उरतो, ते घरी बसून मांडावं. पुष्कळ यंत्रांत हा वेग चार चॅनलांत वाटलाही जातो. चारही चालू केले की प्रत्येकाच्या वाट्याला २५ कोटी येतात.

तिसरी गोष्ट, बँडविड्थ. ५० मेगाहर्ट्झचं यंत्र म्हणजे त्या वारंवारतेचा १ व्होल्टचा संकेत पडद्यावर सुमारे ०.७ व्होल्टचा दिसेल. आता इथे मात्र एक तिढा आहे. ही मर्यादा खरं तर आडातली. पण कधीकधी कंपनी आड खोल खणते आणि पोहऱ्याचा दोरच आखूड ठेवते! चीनच्या रिगोल कंपनीच्या डीएस १०५२ ई या ५० मेगाहर्ट्झच्या यंत्राची गोष्ट तशीच झाली. आतली मांडणी १०० मेगाहर्ट्झच्या महाग भावंडासारखीच होती आणि फरक सॉफ्टवेअरचा होता. २०१० च्या सुमारास हौशी लोकांनी ते शोधून काढलं. पुढे याच कंपनीच्या डीएस १०५४ झेड या चार चॅनलांच्या यंत्रात संकेतांचा अर्थ लावण्याची सोय प्रथम वेगळ्या पैशांची होती. काही तास फुकट वापरून पाहायला मिळे, मग कुलूप लागे. कालांतराने कंपनीनेच ती सोय मूळ किमतीत देऊन टाकली. त्या गिऱ्हाइकांना मागाहून मिळालं, हे खरं. पण जे मिळालं ते पहिल्या दिवसापासून पेटीतच होतं. चोरट्या किल्ल्या लावून कुलूप उघडणारेही पुष्कळ निघाले. शाळेने त्या वाटेला जाऊ नये. मुलांसमोर तो धडा बरा नाही, आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल ते वेगळंच.

मागाहून खरंच काय येऊ शकतं? संकेतांचा अर्थ लावणं, नवी गणितं, मापनाचे नवे प्रकार, पडद्याची मांडणी, आणि चुकांची दुरुस्ती. ही पोहऱ्याची कामं. आपल्याच महाराष्ट्रात याचं एक थोर उदाहरण आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची प्रचंड रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. तबकड्यांकडून येणारे संकेत एकमेकांशी ताडून पाहण्याचं काम आधी त्यासाठीच घडवलेली खास विद्युत्‌मंडलं करीत. २०१० च्या सुमारास ते काम संगणकांच्या समूहावर, म्हणजे सॉफ्टवेअरवर आणलं. तबकड्या त्याच, पण काम करण्याच्या नव्या तऱ्हा साध्य झाल्या. पुढच्या दशकात मात्र तिथल्या लोकांना ३२ मेगाहर्ट्झऐवजी ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा एका वेळी ऐकायचा होता. तो काही नुसत्या सॉफ्टवेअरने आला नाही. तबकड्यांवरचे ग्राहक नवे बसवावे लागले, पाठीमागची यंत्रणा नवी करावी लागली. आणखी एक फरक ध्यानात घ्या. खोडदचे गुण वाढवणारी माणसं त्याच संस्थेत कामाला होती. आपल्या शाळेच्या यंत्राचे गुण वाढवणारी माणसं दूर कुठेतरी बसलेली असतात, आणि उद्या कंपनीने नवं मॉडेल काढलं की जुन्याकडे त्यांचं लक्ष राहीलच असं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. किंमत ठरवावी ती आज पडद्यावर जे उघडतं त्याचीच. विक्रेत्याला म्हणावं, ‘यंत्र लावा आणि दाखवा.’ तुलनात्मक तक्त्यात ‘पुढे मिळेल’ या रकान्याला शून्य गुण द्यावेत. मिळालं तर आनंदच आहे. नाहीतर बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत व्हायची. कंपनीचा मागचा इतिहास पाहावा. बहुतेक कंपन्या आपल्या जुन्या मॉडेलांच्या आवृत्त्यांची तारखांसह यादी देतात. ती वाचली की कळतं, दिलेला शब्द पाळला की विसरला. नव्या आवृत्त्यांत नुसत्या चुकाच दुरुस्त होत असतील, तरी नाक मुरडू नये. चुका कबूल करून सुधारणारी कंपनी मला गप्प बसणाऱ्या कंपनीपेक्षा बरी वाटते.

एक गोष्ट कुठल्याही आवृत्तीने बदलणार नाही, आणि ती जिवाशी आहे. दोलनदर्शकाच्या प्रोबला जो छोटा चिमटा असतो, तो आतून थेट अर्थिंगला जोडलेला असतो. तो फेजच्या तारेला लावला की ठिणग्या उडतात आणि यंत्र जळतं. मग कोणी शहाणा सांगतो, ‘प्लगाची अर्थची पिन काढून टाका.’ हे कदापि करू नये. तसं केलं तर यंत्राच्या उघड्या धातूच्या भागांवर २३० व्होल्ट येतात आणि हात लावणाऱ्याचा जीव जातो. डीपीवर, स्टार्टरवर किंवा सौर पंपाच्या पेटीवर काम करायचं, तर त्यासाठी डिफरन्शियल प्रोब मिळतो, तोच वापरावा आणि जाणकार माणसानेच वापरावा. वर्गात १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर पुरे. त्याच्या बाहेरच्या बाजूला घरच्या विजेचाच हेलकावा दिसतो, फक्त तो १७ व्होल्टपर्यंतच चढतो.

यंत्र घेतलं, आणि सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली असं धरू. फाइल कंपनीच्या ठिकाणाहूनच घ्यावी, ती आपल्याच मॉडेलची आहे ना हे अक्षर न् अक्षर ताडून पाहावं, आणि पेन ड्राइव्हवर टाकावी. आवृत्ती चढत असताना वीज गेली, तर यंत्र अर्ध्यावर अडकून मुकं होऊन बसतं. आपल्याकडे वीज केव्हा जाईल हे काही सांगता येत नाही, तेव्हा यंत्र इन्व्हर्टरवर लावूनच हे काम करावं, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तर मुळीच करू नये. काम झालं की यंत्र अर्धा तास तापू द्यावं, प्रोब सोडवून त्याचं स्वतःचं कॅलिब्रेशन चालवावं. मग पुढच्या बाजूला चौकोनी लहर देणारी जी कडी असते, तिला प्रोब लावून पाहावा. बहुतेक यंत्रांत ती सेकंदाला १००० हेलकाव्यांची असते. कोपरे काटकोनात दिसले, की डेडस्टॉक रजिस्टरात त्या यंत्राच्या नोंदीपुढे नव्या आवृत्तीचा नंबर आणि तारीख लिहून ठेवावी.