मोटर घरून चालू होईल. पण वेळेवर बंद होईल का?

या आठवड्यात तुमच्या फीडरची पाळी रात्रीची असेल, तर पुढचे चित्र तुम्हाला सांगायला नको. बारा-साडेबाराला थ्री फेज येते. विहीर घरापासून कोस-अर्धा कोस. बॅटरी हातात, काठी काखेत, आणि बांधावरून चालताना पायाखाली नजर. कारण घोणस आणि मण्यार याच वेळेला बाहेर असतात. जुन्नर-नारायणगावकडच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची धास्ती वेगळीच. एवढे करून मोटर चालू करावी, घरी येऊन अंथरुणावर टेकावे, आणि वीज जावी. ती पुन्हा आली तरी मोटर बंदच, कारण स्टार्टरमधली कॉइल वीज गेली की सुटते. पुन्हा उठा, पुन्हा चाला.

शेतीपंपाला दिवसा आठ तास नाही तर रात्री दहा तास, अशी पाळी आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली. 2017 च्या सौर कृषी वाहिनी योजनेतून काही फीडरांना दिवसाची वीज मिळू लागली आहे. तरी दिवसासुद्धा वीज चार वेळा येते-जाते, हेलपाटे ते हेलपाटेच. म्हणून फोनवरून मोटर चालू-बंद करणारी पेटी आता गावोगाव दिसते. या कामाची जुनी ओळख आपल्या पुण्याचीच. संतोष ओस्तवाल या अभियंत्याने ‘नॅनो गणेश’ नावाने असे यंत्र बनवले आणि 2009 साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. आज बाजारात अशा पेट्या पुष्कळ झाल्या आहेत, स्वस्त आहेत तशा महागही. दुकानदार एकच गोष्ट दाखवतो: फोन लावला की मोटर चालू. तेवढे तर सगळ्याच पेट्या करतात. पैसे मोजायचे ते मोटर वेळेवर बंद करण्याच्या अकलेला.

पेटीचे काम तसे सोपे आहे. आत सिमकार्ड असते. तुमचा फोन आला की पेटी स्टार्टरचे हिरवे बटण दाबल्यासारखे करते आणि बंद करताना लाल बटण. म्हणजे मोटर चालवतो तुमचा जुना स्टार्टरच. तेव्हा आधी त्याच्याकडे पाहा. हाताने दांडा ओढायचा तेलातला जुना स्टार्टर असेल, तर त्याला अशी पेटी जोडता येत नाही. बटणाचाच स्टार्टर लागतो. बटणाचा आहे पण आतले पॉइंट जळून खडबडीत झाले आहेत, तर ते कधीतरी एकमेकांना चिकटतात. मग तुम्ही घरून शंभर वेळा ‘बंद’ म्हणा, मोटर चालूच राहते. पॉइंट नवे घाला, पेटीला पालीला शिरता येणार नाही असे दार करा, अर्थिंग नीट करून घ्या. हा खर्च पेटीच्या आधीचा, नंतरचा नव्हे.

दुसरे पाहायचे ते विहिरीत. काठावर बसवलेला पंप असेल आणि फुटव्हॉल गळत असेल, तर प्रत्येक वेळी वरून पाणी ओतल्याशिवाय पंप पाणी धरत नाही. फोन काही बादलीने पाणी ओतणार नाही. मोटर कोरडी फिरत राहील आणि तुम्ही घरी समजाल, पाणी चालले आहे. पाणबुडी मोटर असेल तर ही अडचण नाही. तसेच पाटाने पाणी देत असाल तर दारे धरायला माणूस लागतोच. फोनने मोटर चालू होते, पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळत नाही. ज्यांच्याकडे ठिबक आहे, किंवा जे विहिरीतून शेततळ्यात पाणी टाकतात, त्यांना या पेटीचा खरा उपयोग. मात्र ठिबकवाल्यांनी संध्याकाळी निघताना एक तरी व्हॉल्व्ह उघडा ठेवल्याची खात्री करावी. सगळे व्हॉल्व्ह बंद आणि रात्री मोटर चालू, तर सकाळी पाइपाचा सांधा निघालेला दिसेल.

सौरपंप असणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. त्याचा कंट्रोलर वेगळा असतो आणि त्यात परस्पर हात घातला तर हमी जाते.

आता मुख्य गोष्ट. मोटर जळते कशाने? बहुतेक वेळा दोन कारणांनी: एक फेज गेल्याने, नाही तर पाणी संपल्याने. मोटर चालू असताना तीनपैकी एक फेज गेला तर ती लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजांवर घरघरत चालते, त्या दोन तारांतून जादा करंट ओढते, तापते, आणि काही वेळात वाइंडिंगचा वास येतो. तुम्ही विहिरीवर असता तर आवाजावरून ओळखले असते. घरी झोपलेल्या माणसाला ते कसे कळावे? म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: पेटी फेज कशी तपासते? काही पेट्या फक्त तारांमधला दाब, म्हणजे व्होल्टेज पाहतात. यात एक फसगत आहे. चालती मोटर स्वतःच गेलेल्या फेजच्या तारेत दाब उभा करते, त्यामुळे नुसता दाब पाहणाऱ्या पेटीला कधी कधी तिन्ही फेज शाबूत वाटतात. करंट पाहणारी पेटी अशी फसत नाही. तिच्यासोबत वायरीवर चढवायच्या लहान कड्या येतात. त्यांना सीटी म्हणतात. त्या किती वायरींवर बसतात ते विचारा. तिन्हींवर बसत असतील तर उत्तम.

याच कड्या पाणी संपल्याचेही सांगतात. पाच अश्वशक्तीची मोटर भरल्या पाण्यावर साधारण साडेसात ते नऊ अँपिअर घेते. पाणी तुटले की पंपावरचा भार हलका होतो आणि अँपिअर उतरतात. पेटीने ते ओळखून मोटर थांबवायची असते. पाणबुडी मोटरीला तर हे फारच गरजेचे, कारण तिचे बेअरिंग पाण्यावरच थंड राहते. पण येथे एक खोच आहे. पेटी बसवणारा माणूस घाईत असतो. आकडा कंपनीने दिला तोच ठेवतो आणि निघतो. तसे करू देऊ नका. विहीर भरलेली असताना मोटर पंधरा मिनिटे चालवून तुमच्या मोटरीचे अँपिअर पाहा आणि त्यावरून खालचा-वरचा आकडा बसवून घ्या. उन्हाळ्यात विहीर खोल गेली की हाच आकडा थोडा बदलतो. तेव्हा पुन्हा एकदा पाहावा. पाणी तुटून मोटर थांबली, तर पेटी ती पुन्हा किती वेळाने चालू करते, हेही ठरवता आले पाहिजे. विहिरीला झरे भरून यायला दोन तास लागत असतील आणि पेटी दर पाच मिनिटांनी मोटर उठवत असेल, तर ती मोटर मारणारीच पेटी म्हणायची.

आता ‘ऑटो’बद्दल थोडे कडक बोलतो, राग मानू नये. बहुतेक पेट्यांत अशी सोय असते की वीज आली की मोटर आपोआप चालू. कानाला गोड वाटते. पण हिशेब करून पाहा. 63 केव्हीएची डीपी दर फेजला साधारण 85 अँपिअर सोसते. तिच्यावर पाच अश्वशक्तीच्या दहा मोटरी, प्रत्येकी आठ अँपिअर, म्हणजे 80, कसेबसे भागले. परंतु मोटर उठताना काही क्षण सहापट करंट ओढते. दहाच्या दहा जणांनी ‘ऑटो’ ठेवले, तर वीज येताक्षणी डीपीवर पावणेपाचशेच्या वर अँपिअर पडतात. मग फ्यूज उडतो, दाब पडतो, मोटरी उठत नाहीत आणि डीपी तापते. असे रोज दोन-चार वेळा झाले की एक दिवस डीपी जळते. ती बदलून येईपर्यंत ऐन हुरड्यातली ज्वारी किंवा लागणीचा ऊस कोणासाठी थांबत नाही. महावितरण ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे पुन्हा पुन्हा सांगते, ते यासाठीच. कपॅसिटरही महाग नसतो: तीन अश्वशक्तीला एक आणि पाचला दोन केव्हीएआरचा.

यावर तोड आहे. वीज आल्यावर किती वेळाने मोटर उठवायची हे ज्या पेटीत ठरवता येते, तीच घ्या. मग डीपीवरच्या सगळ्यांनी पारावर बसून क्रम लावावा. पहिल्याची मोटर एका मिनिटाने, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, दहाव्याची दहा मिनिटांनी. उठण्याचा जोर काही क्षणांचाच असतो, त्यामुळे एका मिनिटाचे अंतर भरपूर झाले. दहावा क्रमांक कोणी घ्यायचा यावर भांडण होईल, हे मला ठाऊक आहे. दर महिन्याला क्रम फिरवा. डीपी जळाली तर पहिला आणि दहावा सारखेच कोरडे राहतात.

सिमकार्डाचे दुखणे निराळे. जुन्या धर्तीच्या पेट्या टूजीवर चालतात. त्यांत जिओचे सिम चालत नाही, कारण त्या कंपनीचे टूजीचे जाळेच नाही. फोरजीची पेटी थोडी महाग असली तरी पुढची वर्षे पाहता तीच बरी. तुमच्या विहिरीवर कोणत्या कंपनीची रेंज आहे, हे घरी बसून ठरवू नका. फोन घेऊन विहिरीवर जा, स्टार्टरच्या पेटीपाशी उभे राहून पाहा. सिमचा रिचार्ज संपला की पेटी मुकी होते, आणि ते नेमके पाणी द्यायच्या दिवशी कळते. इंटरनेट नको, फक्त बोलणे आणि संदेश एवढ्याच सोयीचे पॅक कंपन्यांनी ठेवावेत, असा नियम ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये केला आहे. दुकानात असे लांब मुदतीचे पॅक मागून घ्यावे. काही पेट्यांत कंपनीचेच सिम बसवलेले येते. त्यांना दुसऱ्या वर्षापासून किती पैसे द्यायचे, हे आजच पावतीवर लिहून मागा. बिनसिमचा रिमोटही मिळतो. पण मध्ये टेकाड, घरे किंवा उभा ऊस आला की त्याचा पल्ला घटतो. तो तपासायचा तर ऊस पुरुषभर वाढल्यावर.

पेटी कोणाचे ऐकते हेही महत्त्वाचे. नोंदवलेल्या नंबरांवरूनच मोटर चालू व्हावी, नाही तर कोणाचा चुकीचा फोन लागला तरी मोटर उठेल. घरधन्याच्या नंबराबरोबर घरातल्या बाईमाणसाचा नंबर जरूर नोंदवा. धनी बाजाराला गेले की शेत तीच पाहते. मराठीत बोलून उत्तर देणारी पेटी मिळते. ‘मोटर चालू आहे, तीन फेज आहेत’ असे कानावर आले की अक्षर न वाचणाऱ्या आजीलाही कळते. पेटीत लहानशी बॅटरी असावी, म्हणजे वीज गेल्याचा निरोप तरी येतो. बॅटरी नसेल तर वीज गेली की तीही मेली.

आणि आता सगळ्यात मोठा धोका. आजवर मोटर चालू करणारा माणूस मोटरीजवळच उभा असे. आता मुलगा पुण्यात बसून फोन लावतो, आणि बापाचा हात त्याच वेळी स्टार्टरमध्ये असू शकतो, किंवा कोणी विहिरीत उतरून पंपाशी खटपट करत असू शकते. फोनवर ‘चालू करू नको’ सांगितले म्हणजे झाले, असे समजू नका. ‘ऑटो’ लावलेले असेल तर कोणी फोन न करताही मोटर उठते. दुरुस्तीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा, तिन्ही फ्यूज काढायचे आणि ते स्वतःच्या खिशात घालूनच खाली उतरायचे. खिशात, बाजूच्या दगडावर नव्हे. ‘ही मोटर केव्हाही आपोआप चालू होईल’ अशी पाटी मोठ्या अक्षरांत पेटीवर रंगवून घ्या; मजूर आणि शेजाऱ्यांची पोरे तिथे येत असतात.

पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. मोटर चालू असताना बसवणाऱ्याला सांगा, गेट व्हॉल्व्ह हळूहळू बंद कर. बहुतेक पंपांत पाणी अडले की अँपिअर उतरतात. ठरवलेल्या आकड्याखाली गेले की मोटर थांबली पाहिजे आणि तुमच्या फोनवर कारण आले पाहिजे. मग एक फेज तोडून दाखवायला सांगा. हे काम वायरमननेच करायचे, रबरी हातमोजे घालून, आणि तुम्ही लाल बटणाजवळ उभे राहायचे. काही क्षणांत मोटर थांबली तर ठीक. नाही थांबली तर लाल बटण दाबा, पेटी खोक्यात भरा आणि परत द्या. दोन्ही परीक्षा उतरल्यावर भरल्या विहिरीचे अँपिअर, कोरड्याचा आकडा, उठण्याची मिनिटे आणि सिमचा नंबर पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.